शिक्षा संपल्यावर सनद

तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्या माणसाला वकील होता येते का, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठाम ‘नाही’ असते. हे उत्तर देणाऱ्यांत काही वकीलही असतात. ते उत्तर चुकीचे आहे. १९६१ च्या वकिली कायद्यातले कलम २४-अ सांगते की नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सनद मिळणार नाही. पण त्याच कलमाचे परंतुक पुढे सांगते की सुटकेनंतर दोन वर्षे उलटली की ही अपात्रता संपते. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ देऊन न्यायालयाने सोडलेल्यांना तर ती लागूच होत नाही. खटला नुसता चालू असेल, दोषसिद्धी झाली नसेल, तर या कलमात अपात्रता नाही. आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाने ध्यानात ठेवावी. नैतिक अधःपतनाच्या शेजारीच, स्वतंत्र उपकलमात, अस्पृश्यता पाळल्याबद्दल झालेली शिक्षा ही अपात्रता म्हणून नोंदवलेली आहे. ज्याने माणसाला माणूस मानले नाही त्याने दुसऱ्याच्या हक्कांसाठी उभे राहू नये, हा त्यामागचा विचार मला आजही नेमका वाटतो.

म्हणजे कायद्याने दार बंद केलेले नाही. तरीही बराकीतून बार रूमपर्यंत पोहोचलेली माणसे आपल्याकडे इतकी कमी का? कलम २४-अ वर वाद पुष्कळ झाला. पण माणूस अडतो तो कलमात नाही. तो अडतो प्रवेशाच्या अटीत, हजेरीच्या पुस्तकात, पोलीस पडताळणीत आणि सीनियरच्या चेंबरच्या उंबऱ्यावर. या अडथळ्यांवर फारसे कोणी लिहीत नाही.

आधी कलमाचाच वाद पाहू, कारण त्यातला आक्षेप हलका नाही. महिपाल सिंग राणा प्रकरणात (२०१६) उत्तर प्रदेशातल्या एका वकिलाला न्यायाधीशाला धमकावल्याबद्दल अवमानाची शिक्षा झाली होती. त्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने विचारले की दोषी ठरलेल्याला निवडणूक लढवायला सुटकेनंतर सहा वर्षे थांबावे लागते, मग वकील व्हायला दोनच वर्षे कशी? नोंदणीच्या वेळी लागू होणारी अपात्रता नोंदणीनंतरही लागू झाली पाहिजे, असेही न्यायालयाने म्हटले आणि वकिली कायद्याचा फेरविचार करायला विधी आयोगाला सांगितले. आयोगाचा २६६ वा अहवाल २०१७ मध्ये आला.

पक्षकार वकिलाच्या हाती पैसे देतो, घराची कागदपत्रे देतो, कधी स्वतःचे आयुष्यच सोपवतो. त्याचे संरक्षण झालेच पाहिजे. पण अंगावर काळा कोट असताना त्याचा गैरवापर करणारा वकील आणि विसाव्या वर्षी मारामारीत किंवा चोरीत सापडलेला, शिक्षा पूर्ण भोगून चाळिशीत कायदा शिकलेला माणूस यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पहिल्याने व्यवसायाचा विश्वास मोडलेला असतो. दुसऱ्याला तो विश्वास अजून कोणी दिलेलाच नसतो. वर्षांचा आकडा दोनचा सहा केला तरी हा फरक त्या आकड्यात उतरणार नाही. गुन्हा कोणता, वय किती होते, मधल्या वर्षांत माणसाने काय केले, हे पाहावेच लागते. ‘नैतिक अधःपतन’ या शब्दांतही हेच आहे. पवन कुमार विरुद्ध हरियाणा (१९९६) या खटल्यातल्या माणसाला अश्लील वर्तनाच्या कलमाखाली वीस रुपये दंड झाला होता आणि तेवढ्यावरून त्याची सरकारी नोकरी गेली. अशा शिक्षेला नैतिक अधःपतन म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. वीस रुपयांच्या दंडासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, यावरून डाग किती पटकन लागतो आणि पुसायला किती वेळ लागतो ते कळते.

एकेकाची पारख करून निर्णय घेण्याची पद्धत अमेरिकेत आहे. तीही सोपी नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅरा सिमन्स व्यसन आणि अमली पदार्थांशी संबंधित गुन्ह्यांत तुरुंगात गेल्या, बाहेर येऊन त्यांनी कायद्याची पदवी मिळवली, प्रतिष्ठेची फेलोशिप मिळवली. तरी चारित्र्य पडताळणाऱ्या समितीने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांना बारची परीक्षा देण्यापासून रोखले. १६ नोव्हेंबर २०१७ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली आणि त्याच दिवशी न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने आदेश दिला. कोणताही गुन्हा माणसाला कायमचा बाद करत नाही, आज तो कसा आहे ते पाहायचे, हे त्या निकालाचे सूत्र. २०२० मध्ये त्या राज्याच्या विधिमंडळावर निवडून आल्या. कवी रेजिनाल्ड ड्वेन बेट्स सोळाव्या वर्षी बंदुकीच्या धाकाने गाडी पळवल्याबद्दल आठ वर्षे आत होते. त्यांनी येलमधून कायदा केला आणि कनेक्टिकटमध्ये २०१७ साली त्यांना वकिलीचा परवाना मिळाला. ब्रिटनमध्ये जुनी शिक्षा काही काळाने विसरायची असे सांगणारा कायदा १९७४ पासून आहे, पण वकिली हा त्याला अपवाद आहे. तिथे जुनी शिक्षाही सांगावी लागते.

आपल्याकडे प्रौढांसाठी असा विस्मरणाचा सर्वसाधारण कायदाच नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम २४ ने विधिसंघर्षग्रस्त बालकाला ही मुभा दिली आहे. त्याचा जुना गुन्हा पुढे अपात्रता ठरत नाही. सोळा वर्षांवरच्या, प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा अपवाद त्यातही आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतर एका महिन्याने गुन्हा घडला असेल तर मात्र नोंद आयुष्यभर मागे येते.

आपला समाज तुरुंगातून आलेल्या प्रत्येकाला सारखे वागवत नाही, हेही मान्य करू. लोकमान्य टिळक १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. पुढे त्यांनीच पुण्यात वकिलीच्या परीक्षेसाठी लॉ क्लास चालवला आणि विद्यार्थी त्यांच्याकडे अभिमानाने गेले. गांधीजींना १९२२ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर लंडनच्या इनर टेंपलने बॅरिस्टरांच्या यादीतून काढले. त्यांचे नाव परत घ्यायला १९८८ साल उजाडले, पण भारतातल्या कोणाच्या मनातून ते कधी उतरले नव्हते. दक्षिण आफ्रिकेत डिकगांग मोसेनेके पंधराव्या वर्षी पकडले गेले, रॉबेन बेटावर दहा वर्षे राहिले, तिथेच शिकले आणि २००५ मध्ये देशाचे उपसरन्यायाधीश झाले. राजकीय कैद ही सन्मानाची खूण ठरते. दुसरी संधी मागायची खरी कसोटी चोरी, मारामारी, हुंड्याचा खटला किंवा खून अशा गुन्ह्यांतल्या माणसाची असते. त्याच्या स्वागताला स्टेशनवर कोणी हार घेऊन येत नाही. या लेखाचा विषय तो माणूस आहे.

तुरुंगात कायदा शिकला जातो, यात नवे काही नाही. वर्गाबाहेरचा तो सगळ्यात कडक अभ्यास असतो, कारण चुकले तर स्वतःचीच वर्षे जातात. महाराष्ट्राचा यात मोठा वाटा आहे. प्रभाकर संझगिरी मुंबईत स्थानबद्ध असताना त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे पुस्तक मराठीत लिहिले. हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. स्थानबद्धतेच्या अटींत लिहिलेली नाहीत अशी बंधने सरकारला घालता येणार नाहीत, असे त्यातून ठरले. एम. एच. होस्कोट यांच्या शिक्षेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये निकाल दिला, पण निकालाची प्रत येरवड्यात त्यांच्या हाती वेळेवर पडलीच नाही. सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा अर्ज आला तोवर शिक्षा भोगून झाली होती. १९७८ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी सांगितले की निकालाची प्रत कैद्याला विनामूल्य, पोच घेऊन दिली पाहिजे आणि गरज असेल तर वकीलही सरकारने दिला पाहिजे. तिहारमध्ये सुनील बात्रा याने एका वॉर्डरने दुसऱ्या कैद्याचा केलेला छळ पत्रात लिहून न्यायाधीशांना पाठवला. त्या पत्राचीच याचिका झाली. आज प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवले जाणारे हे निकाल कैद्यांच्या लेखणीतून निघाले आहेत.

बराकीत हे लेखन कसे होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. दहावी-बारावी झालेला एखादा बंदी असतो. संध्याकाळी बराकीला कुलूप लागल्यावर त्याच्या पथारीभोवती दोघे-चौघे येतात. कोणाच्या हातात चार्जशीटची चुरगळलेली प्रत, कोणाकडे मागच्या तारखेची चिठ्ठी. फुलस्केप कागदाला डावीकडे समास दुमडतात, वर ‘मा. सत्र न्यायाधीश साहेब यांच्या सेवेशी’, खाली ‘मार्फत मा. अधीक्षक, मध्यवर्ती कारागृह’. मग बंदी क्रमांक, गुन्हा नोंद क्रमांक, अटकेची तारीख आणि मागणी: पेशीला नेले जात नाही, वकील नेमावा, जामीन झाला पण जामीनदार नाही. शेवटी अंगठा, त्यावर तुरुंगाधिकाऱ्याची साक्षांकनाची सही. हा लिहिणारा माणूस दोन-तीन वर्षांत जामिनाचे कायदे, माफीचे हिशेब, संचित रजा आणि अभिवचन रजेचे नियम तोंडपाठ करतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉन्सन विरुद्ध एव्हरी (१९६९) या खटल्यात सांगितले की दुसरी सोय नसेल तर कैद्याने कैद्याला कायद्याची मदत करण्यावर बंदी घालता येणार नाही. आपल्याकडे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत चांगल्या वर्तणुकीच्या, दीर्घ शिक्षेच्या सुशिक्षित बंद्यांना विधी स्वयंसेवक नेमता येते. योजना चांगली आहे. माझा आक्षेप एवढाच, की ती तुरुंगाच्या भिंतीशी संपते. आत पाच वर्षे अर्ज लिहिलेल्या माणसाला बाहेर आल्यावर त्याबद्दल कोणते श्रेय, कोणते प्रमाणपत्र, कोणती नोकरी मिळते? अशी ठरलेली वाट नाही.

आता शिक्षणाच्या वाटेकडे येऊ. अडचणी इथे दाटीने उभ्या आहेत. राज्यातल्या मध्यवर्ती कारागृहांत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांच्यामार्फत बंदी बी.ए. होतात. ही फार मोलाची सोय आहे. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतला नियम ५ सांगतो की आधीची शालेय पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्याला विधी अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. आठवीत शाळा सोडलेला मुलगा आत येतो, पूर्वतयारी परीक्षा देतो, पदवीधर होतो, बाहेर येऊन सीईटी पास होतो आणि प्रवेशाच्या टेबलावर त्याला कळते की त्याची पदवी इथे चालत नाही. कैद्याला रोखायला हा नियम केलेला नाही, पण त्याचा फटका सगळ्यात जास्त कैद्यालाच बसतो. तुरुंगातल्या शिक्षण विभागाने आणि अभ्यासकेंद्रांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवे: कायदा शिकायचा असेल तर आधी दहावी आणि बारावी बोर्डाची करा, मग पदवीकडे वळा. एवढ्या एका सल्ल्याने काहींची तीन-चार वर्षे वाचतील.

त्यानंतर हजेरी. विधी पदवी दूरस्थ पद्धतीने घेता येत नाही आणि नियमांनुसार ७० टक्के हजेरी लागते. आत असलेल्या माणसाने ती कुठून आणायची? केरळ उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये खुनाच्या दोन शिक्षाबंद्यांना एलएल.बी.चे वर्ग तुरुंगातून ऑनलाइन करण्याची परवानगी दिली. शिक्षण हा कैद्याच्या प्रतिष्ठेचा आणि सुधारणेचा भाग आहे, ही त्यामागची भूमिका. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी महेश राऊत यांना सिद्धार्थ विधी महाविद्यालयात प्रवेश घेऊ दिला. कैदेत असल्याने पुढे शिकण्याचा हक्क जात नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. हे महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे. बंद दारे उघडण्याचे काम त्या संस्थेच्या पायातच आहे. मुंबईच्या २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात जन्मठेप झालेला एक बंदीही याच महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. २०२४ मध्ये परीक्षेला बसण्याची परवानगी त्याला उच्च न्यायालयाने दिली. तरी पेपरच्या वेळी त्याला केंद्रावर पोहोचवले गेले नाही आणि प्रश्न पुन्हा न्यायालयात आला. जुलै २०२५ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या सर्व बारा जणांना निर्दोष ठरवले. परीक्षेची परवानगी, एस्कॉर्ट, हॉल तिकीट यासाठी प्रत्येक वेळी उच्च न्यायालयात जावे लागत असेल, तर ज्याला वकील परवडतो तोच शिकेल. एक साधे परिपत्रक हे काम करू शकते.

पदवी मिळाल्यावर नोंदणीची फाइल. काही गोष्टी अर्जदाराच्या बाजूने बदलल्या आहेत. पंचेचाळीस वर्षांवरच्यांना नोंदणी नाकारणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच रद्द केला. दीर्घ शिक्षा भोगून उशिरा शिकणाऱ्यासाठी हा निकाल कळीचा आहे. जुलै २०२४ च्या गौरव कुमार निकालाने नोंदणी शुल्क खुल्या गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये यापेक्षा जास्त घेता येणार नाही, असे ठरले. त्याआधी राज्याराज्यांतल्या बार कौन्सिली हजारोंनी रक्कम घेत होत्या. नुकताच सुटलेला माणूस एवढे पैसे एकरकमी कुठून आणणार? दुसऱ्या बाजूला, बार कौन्सिल ऑफ इंडियाने सप्टेंबर २०२४ मध्ये विधी विद्यार्थ्यांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणे सक्तीचे केले. तपासणीला माझा विरोध नाही. पण नोंद सापडली की पुढे काय, तिचे वजन कसे करायचे, याची लेखी कसोटी हवी. नाही तर टेबलावरचा प्रत्येक कारकून आपल्या मनाने निकाल देईल.

अर्जदाराने एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे. काही लपवू नये. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) हा निकाल सरकारी नोकरीबद्दल आहे, पण त्याचा धडा इथेही लागू पडतो. जुना गुन्हा अनेकदा माफ होतो. तो दडवला तर माफी मिळणे फार अवघड. सुटकेचा दाखला, निकालाची सही-शिक्क्याची प्रत, दंड भरल्याची पावती, आत मिळालेली शिक्षणाची प्रमाणपत्रे, ही सगळी कागदपत्रे सुटताना मागून घ्यावीत. दहा वर्षांनी ती मिळवायला चपला झिजतात.

सनद हातात आल्यावर खरी हलाखी सुरू होते ती पैशाची. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शिफारस केली की ज्युनियरला शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये मानधन द्यावे. ही शिफारसच आहे, बंधन नाही. जिल्हा न्यायालयात ज्युनियरशिप बऱ्याचदा प्रवासखर्चावरच चालते. घरचा आधार असलेली मुले ही दोन-तीन वर्षे काढतात. तुरुंगातून आलेल्याच्या घरी बहुधा कर्ज असते, वयस्क आईवडील असतात, आणि लग्न झाले असेल तर इतकी वर्षे एकटीने संसार ओढलेली बायको असते. शिवाय त्याला चेंबरमध्ये बसवताना सीनियरला पक्षकार काय म्हणतील याची धास्ती. सणावाराला पोलीस चौकशीला दारात येतात ते वेगळेच.

तरीही माणसे उभी राहतात. अरुण फरेरा २००७ मध्ये पकडले गेले, नागपूरच्या तुरुंगात साडेचार वर्षांहून अधिक काळ राहिले, खटल्यांतून निर्दोष सुटले आणि नंतर कायदा शिकून मुंबईत वकिली करू लागले. २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली आणि जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. तो खटला अजून उभा आहे. मुंबईचे शिक्षक वाहिद शेख यांना लोकल बॉम्बस्फोट खटल्यात नऊ वर्षे आत काढल्यावर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक त्यांनी तुरुंगातल्या अनुभवावर लिहिले. उत्तर प्रदेशात बागपतच्या एका तरुणाला अठराव्या वर्षी पोलीस शिपायाच्या खुनात गोवले गेले. जामिनावर सुटून तो कायद्याचा पदवीधर झाला, स्वतःच्या खटल्यात स्वतः उभा राहिला आणि २०२३ मध्ये निर्दोष सुटला. ही निर्दोष सुटलेल्यांची उदाहरणे आहेत, हे मुद्दाम नोंदवतो. दोषी ठरून, शिक्षा संपवून सनद घेतलेली माणसे आपले नाव पुढे येऊ देत नाहीत. त्यांचे मौन मला समजते.

म्हणून युगांडातल्या सुझन किगुला यांचे उदाहरण महत्त्वाचे. फाशीची शिक्षा झालेल्या या बाईंनी इतर कैद्यांबरोबर केलेल्या याचिकेवर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. त्यांनी तुरुंगातूनच लंडन विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली आणि २०१६ मध्ये त्या सुटल्या.

अशा माणसांची आपल्या न्यायालयांना गरज आहे, ती दयेपोटी नव्हे. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे शंभरातले जवळपास शहात्तर, कच्चे कैदी. जामीन मंजूर होऊनही जामीनदार किंवा सॉल्व्हन्सी नाही म्हणून अडकलेले त्यात कितीतरी. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले की जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा विचार करावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीला, काही अपवाद वगळता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर सोडण्याची तरतूद केली. ही दोन्ही कामे बराकीत जाऊन नाव-नाव शोधल्याशिवाय होत नाहीत. अटकेची नेमकी तारीख, दुसरा गुन्हा दाखल आहे का, वॉरंट कुठे पडून आहे, घरचा पत्ता खरा कोणता, हे त्या बंद्याला विचारायचे कसे आणि त्याचे उत्तर कसे ऐकायचे, हे आत राहिलेल्याला शिकवावे लागत नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून राज्यातल्या तुरुंगांत समाजकार्यकर्ते पाठवून असेच काम करत आला आहे.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे २०२२ पासून बचाव पक्षाच्या पगारी वकिलांची यंत्रणा आहे, कार्यालय आहे, सहाय्यक आहेत. सुटलेल्या आणि कायदा शिकणाऱ्या बंद्याला त्या कार्यालयात तीन वर्षांचे मानधनाचे काम देता येईल. तुरुंगात विधी स्वयंसेवक म्हणून केलेली वर्षे त्यासाठी अनुभव म्हणून धरता येतील. त्याला नवा कायदा लागत नाही, प्राधिकरणाचा ठराव पुरतो. नियम ५ मात्र बार कौन्सिललाच बदलावा लागेल, आणि तुरुंगातून मिळवलेल्या पदवीसाठी त्यात एका ओळीचा अपवाद घालणे त्यांच्या हातात आहे.